काठमांडूची देवळं पायी पाहायची तर

काठमांडूला जाणारी बहुतेक मराठी मंडळी दोन दिवसांत पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू आणि दरबार चौक उरकतात आणि पोखऱ्याची नाहीतर मुक्तिनाथाची वाट धरतात. गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, फोटो काढायचा, परत गाडीत बसायचं. अशा फेरीत देवळं दिसतात, शहर मात्र दिसत नाही. या खोऱ्याचे जुने रहिवासी नेवार. त्यांच्यात शिवमार्गी आहेत तसेच बुद्धमार्गीही आहेत, पण एकाच मूर्तीपुढे दोघंही हात जोडतात. हिंदू देऊळ कुठे संपलं आणि बौद्ध विहार कुठे सुरू झाला, हे कित्येक ठिकाणी सांगता येत नाही. ते समजून घ्यायला पाय, पहाटेची वेळ आणि चार पूर्ण दिवस लागतात. हातात दोनच दिवस असतील तर खालच्यापैकी दोनच वाटा निवडा, पण त्या नीट चाला.

निघण्यापूर्वी

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर प्रौढ प्रवाशाचं काम होत नाही आणि त्यामुळे विमानतळावरून परत फिरलेले लोक आहेत, म्हणून हे आधी तपासा. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना सवलत आहे. तरी घरातल्या ज्येष्ठांचं मतदार ओळखपत्र सोबत असलेलं बरं. मुंबईहून थेट किंवा दिल्लीमार्गे विमान आहे. जमिनीवरून जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे काठमांडूपर्यंत घाटरस्त्यांनी जाणारी बस. बसचा हा टप्पा जवळपास अख्खा दिवस खातो. गुडघे दुखणाऱ्यांना मी तो सुचवणार नाही.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात आणि हा दर ठरलेला आहे. शंभराच्या भारतीय नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम मात्र बदलत आले आहेत, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ते पाहून घ्या. २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपे नावाच्या जाळ्याच्या (आपल्याकडचं फोनपे अॅप नव्हे) क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालू झालं आहे, म्हणजे दुकानांत आणि हॉटेलांत बरीच सोय झाली. देवळाबाहेरची फुलवाली, चपला सांभाळणारा, टेम्पोवाला यांच्यासाठी सुटे नेपाळी पैसे जवळ ठेवाच. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि त्या दिवशी स्थानिकांची देवळांत गर्दी होते. पशुपतिनाथाला सोमवारीही रांग असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस संपलेला असतो, हवा धुतलेली असते आणि नशीब असेल तर उत्तरेला बर्फाची रांग दिसते. मार्च-एप्रिलही चालतो, पण तेव्हा धुरकं असतं. शहर साधारण १४०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. त्रास होतो तो धुळीचा. मास्क न्या. पटकन काढता-घालता येतील अशी पादत्राणं घ्या आणि चामड्याचा पट्टा, पाकीट शक्यतो घरीच ठेवा, कारण काही देवळांत चामडं चालत नाही.

मुक्कामासाठी सगळे ठमेल सांगतात. ठमेलमध्येच राहायचं तर त्याच्या दक्षिण टोकाला, ठहिटीच्या बाजूला खोली बघा. पहाटे दार उघडून पाच मिनिटांत जुन्या शहरात पोचता येतं, आणि इथे पहाट फार मोलाची आहे.

पहिला दिवस: ठहिटी ते मरू टोल

सकाळी सहाला निघा. टोल म्हणजे इथे वस्ती. ही वाट सरळ चाललात तर अर्ध्या तासाची आहे. तिला अर्धा दिवस द्या.

ठहिटीच्या छोट्या स्तूपापासून दक्षिणेला चालत गेलात की डाव्या-उजव्या हाताला घरांच्या खालून आत जाणाऱ्या ठेंगण्या वाटा दिसतील. त्यातून आत गेल्यावर उघडतो तो बहा, म्हणजे विहाराचा चौक. संकोच करू नका. डोकं वाकवून आत जायचं, चैत्याला उजवीकडे ठेवून फेरी घालायची आणि बाहेर यायचं. यातला काठेसिंभू आवर्जून पाहा. स्वयंभूच्या स्तूपाची ही लहान प्रतिकृती आहे. ज्यांना टेकडी चढवत नाही ते इथे प्रदक्षिणा घालतात.

पुढे बांगेमुढा. एका लाकडाच्या ओंडक्यावर हजारो खिळे आणि नाणी ठोकलेली दिसतील. हा दाढदुखीचा देव. दात दुखला की इथे खिळा ठोकायचा अशी रीत होती, आणि याच गल्लीत दंतवैद्यांची दुकानं ओळीने आहेत.

तिथून पूर्वेला वळलात की असन. सहा रस्ते एकत्र येणारा हा चौक म्हणजे तिबेटच्या व्यापारी वाटेवरचा जुना बाजार. पहाटे इथे भाजी, सुकी मासळी, मसाले, झेंडूच्या माळा आणि पितळेची भांडी एकाच वेळी मांडली जातात. चौकातलं तीन छपरांचं देऊळ अन्नपूर्णेचं. आत मूर्ती नाही, भरलेला कलश आहे. धान्याच्या बाजारात अन्नपूर्णेची पूजा कलशरूपात होते हे पाहून मला फार बरं वाटतं, आणि म्हणून मी इथे नेहमी रेंगाळते.

असनपासून तिरक्या रस्त्याने नैर्ऋत्येला गेलं की केल टोल. उजव्या हाताला जनबहाचं प्रवेशद्वार आहे. ते चुकवू नका, मराठी वाचकाने तर नाहीच. आत सेतो मच्छिंद्रनाथ आहेत. आपल्याकडे नवनाथांची पोथी घरोघरी वाचली जाते, ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी सांगितली जाते. इथे शिवमार्गी त्यांना मत्स्येंद्रनाथ म्हणून पुजतात आणि बुद्धमार्गी करुणामय अवलोकितेश्वर म्हणून. मूर्ती तीच, गोऱ्या चेहऱ्याची, दागिन्यांनी मढलेली. पूजेचा मान बौद्ध वज्राचार्य आणि शाक्य घराण्यांकडे आहे. सकाळी चौकात दिवे लावणाऱ्या बायकांना बाजूला उभं राहून पाहा. तुम्हालाही दिवा लावायचा असेल तर खुशाल लावा.

इंद्रचोकात आकाश भैरवाचं देऊळ आणि पोतींच्या मण्यांची दुकानं आहेत. इथे लस्सी प्या आणि मखन टोलमधून पुढे दरबार चौकात, म्हणजे हनुमान ढोक्यात उतरा. तिकिटाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवा. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट बरंच स्वस्त पडतं.

हनुमान ढोका: घाई करू नये अशी जागा

मखन टोलकडून आलात की आधी डावीकडे उंच चौथऱ्यावर तलेजूचं देऊळ दिसतं. ते १५६४ मध्ये महेंद्र मल्लाने बांधलं. मल्ल राजांची ही कुलदेवी. तिला तुलजा भवानी असंही म्हणतात आणि मिथिलेच्या कर्नाट राजवंशाबरोबर ती या खोऱ्यात आली अशी परंपरा आहे. देऊळ वर्षातून एकदाच, दसैंच्या, म्हणजे इथल्या दसऱ्याच्या, महानवमीला, हिंदू भाविकांसाठी उघडतं. एरवी बाहेरूनच हात जोडायचे.

पुढे काळभैरवाची प्रचंड दगडी मूर्ती आहे. पूर्वी खरं-खोटं करायला लोकांना तिच्यासमोर शपथ घ्यायला लावत, आणि खोटं बोलणारा रक्त ओकून मरतो असा धाक होता. त्यानंतर राजवाड्याच्या दारातला मारुती. १६७२ मध्ये प्रताप मल्लाने बसवलेल्या या मूर्तीवर शेंदराचे इतके थर चढले आहेत की तोंडाचा आकारच उरलेला नाही. याच प्रताप मल्लाचा १६५४ चा शिलालेख वाड्याच्या भिंतीत आहे. तो कालीची स्तुती पंधरा लिप्या-भाषांत करतो, त्यात फ्रेंच आणि इंग्रजी शब्दही सापडतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी हिमालयातला एक राजा दगडावर हे कोरून घेतो, तेव्हा हे शहर किती देशांच्या वाटेवर होतं ते कळतं.

देवळांच्या छपराखालचे तिरपे लाकडी टेकू, ज्यांना इथे टुँडाल म्हणतात, ते मान वर करून पाहा. प्रत्येकावर वेगळा देव कोरलेला असतो आणि बहुतेकदा त्याच्या पायाशी शृंगाराचं शिल्प. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा.

कुमारी घर १७५७ चं. शाक्य म्हणजे बौद्ध घरातली मुलगी निवडून तिला तलेजूचं रूप मानतात. हिंदू राजे तिच्या हातून टिळा लावून घेत, आणि आता राष्ट्राध्यक्ष घेतात. अंगणात शांत उभं राहिलात तर ती वरच्या खिडकीत क्षणभर येते, कधी येत नाही. तिचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. ती एक लहान मुलगी आहे एवढं लक्षात ठेवलं की कसं वागायचं ते आपोआप कळतं.

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात या चौकातली कित्येक देवळं जमीनदोस्त झाली. काष्ठमंडपही पडला. शहराला नाव देणारी ही लाकडी वास्तू एकाच झाडातून झाली अशी आख्यायिका आहे. लोकांनी आग्रह धरून ती जुन्या पद्धतीनेच पुन्हा उभारून घेतली आणि २०२२ मध्ये काम पुरं झालं. आत मध्यभागी गोरखनाथांची मूर्ती आहे. जनबहात गुरू, इथे शिष्य, आणि दोघांमध्ये दहा मिनिटांची पायवाट. मागेच मरू टोलचा अशोक विनायक आहे, खोऱ्यातल्या चार मुख्य गणपतींपैकी एक. त्याच्या देवळाला कळस नाही. नेवार माणूस नव्या कामाआधी इथे येतो, तुम्हीही डोकं टेकवून दिवस संपवा.

दुसरा दिवस: सकाळी स्वयंभू, दुपारी पाटण

स्वयंभूला टॅक्सी मागच्या दारी नेते. शक्य असेल तर तसं करू नका. मरू टोलमधून पश्चिमेला विष्णुमती ओलांडून चाललात की पाऊण तासाच्या आत पूर्वेच्या पायऱ्यांशी पोचता. ३६५ पायऱ्या आहेत आणि शेवटचा टप्पा खडा आहे, म्हणून उतरत्या वयाच्या मंडळींना मात्र पश्चिमेकडून गाडीने नेणंच योग्य. माकडं हातातली पिशवी हिसकावतात, खाण्याचं काही बाहेर ठेवू नका.

कथा अशी की हे खोरं एक मोठं सरोवर होतं आणि त्यात कमळावर ज्योत प्रकटली. मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर कापून पाणी सोडून दिलं. ते कमळ जिथे टेकलं तिथे हा स्तूप. वर पोचताच समोर दिसणारं मोठं वज्र प्रताप मल्लाचं. हिंदू राजाने बौद्ध स्तूपाला वाहिलेलं. स्तूपाच्या डोळ्यांखाली नाकाच्या जागी जो आकडा आहे तो नेपाळी १.

स्तूपाला उजवीकडे ठेवून फेरी घाला, प्रार्थनाचक्रं उजव्या हाताने फिरवा. वायव्येला हारितीचं छोटं देऊळ आहे. मुलांना देवीचा आजार होऊ नये म्हणून हिची पूजा होई. इथे सर्वांत जास्त गर्दी तिलाच, आणि रांगेत कोण हिंदू, कोण बौद्ध हे कुणी विचारत नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात पंचिकाबरोबर बसलेली हारिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही ओळखीची वाटेल. तिथे ती शिल्पात आहे, इथे तिला रोज नैवेद्य लागतो.

बाबासाहेब आंबेडकरही या शहरात आले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेच्या काठमांडूतल्या अधिवेशनात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केलं. डिसेंबरच्या ६ तारखेला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यांतली ही जागा आहे, हे मनात ठेवून इथे फिरणारी मराठी माणसं मी पाहिली आहेत.

दुपारी बागमती ओलांडून पाटणला, म्हणजे ललितपूरला जा. माझ्या मते खोऱ्यातला सर्वांत देखणा दरबार चौक हाच. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं कृष्ण मंदिर पूर्ण दगडी आहे, त्यावर २१ गजुर, म्हणजे कळस आहेत. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत आणि दुसऱ्यावर रामायण कोरलेलं आहे. प्रसंगांखाली नेवारीत मजकूर आहे. समोर खांबावर गरुड गुडघे टेकून बसला आहे. त्याच्याजवळ उभं राहून पट्टी एका कोपऱ्यापासून वाचत गेलात तर कथा उलगडत जाते.

वाड्यातलं संग्रहालय सोडू नका. एखाद्याला एकच संग्रहालय पाहायचं असेल तर मी हे सांगेन. हिंदू आणि बौद्ध मूर्तींच्या हातातली आयुधं, मुद्रा, आसनं इथे इतकी सोपी करून मांडली आहेत की पुढचे दोन दिवस तुम्ही प्रत्येक मूर्ती ओळखू लागता. म्हणून पाटण दुसऱ्याच दिवशी करावं, शेवटी नाही. चौकाच्या उत्तरेला जमिनीखाली उतरणारी मंगहिटी, म्हणजे दगडी धारांचा पाणवठा, सहाव्या शतकातली आहे. तिच्या मकरमुखांखाली बायका आजही कळश्या लावतात.

उत्तरेला पाच मिनिटांवर हिरण्यवर्ण महाविहार, लोकांच्या तोंडी सुवर्णमंदिर. चामडं बाहेर ठेवा. इथला मुख्य पुजारी बारा वर्षांच्या आतला मुलगा असतो आणि तो महिनाभर सेवा करून दुसऱ्याला जागा देतो.

पाटणचे रातो मच्छिंद्रनाथ वर्षातला काही काळ इथे आणि उरलेला काळ जवळच्या बुंगमती गावात राहतात. गोष्ट अशी: गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही. राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी यांनी कामरूपहून मच्छिंद्रनाथांना आणलं. गुरू आले म्हणून गोरखनाथ उठून उभे राहिले, नाग सुटले आणि पाऊस आला. राजा, पंडित आणि शेतकरी तिघं मिळून देव आणतात. आजही वैशाखात मच्छिंद्रनाथांचा उंच रथ लाकूड आणि वेतात बांधून ओढला जातो. तारखा जुळत असतील तर बाकीचा बेत बदला, पण रथ पाहा.

तिसरा दिवस: पशुपतिनाथ ते बौद्धनाथ

पशुपतिनाथाला पहाटे पाच-साडेपाचला पोचा. दुपारी गाभारा बंद असतो. आत फक्त हिंदूंना प्रवेश आहे. फोन आणि कॅमेरा बाहेर काढायचा नाही. सुरुवात पश्चिम दारातून, पितळेच्या भव्य नंदीच्या मागून. देऊळ चार दारांचं आहे आणि लिंगाला चार दिशांना चार मुखं, पाचवं वर. एका दारातून दर्शन झालं की पूर्ण झालं असं समजून बाहेर पडू नका. फिरत फिरत चारही मुखं घ्या. गाभाऱ्यातली पूजा कर्नाटकातून आलेले भट्ट पुजारी करतात आणि त्यांचे सहायक भंडारी स्थानिक नेवार असतात. अभिषेकाची पावती देवस्थानाच्या खिडकीवरच घ्या. दारात पुढे सरसावून दर्शन लवकर करून देतो म्हणणाऱ्यांना हात जोडून नकार द्या.

मग पूल ओलांडून बागमतीच्या पूर्व तीरावर या. समोर आर्यघाट आणि भस्मेश्वर घाट. चिता जळत असतात. इथे बसावं आणि बोलू नये. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं आहे. कित्येक प्रवासी लांब लेन्स लावून फोटो घेतात, तुम्ही घेऊ नका. याच तीरावर संध्याकाळी बागमतीची आरती होते. ती पाहायची असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी अंधार पडायच्या आधी परत या. तिच्यासाठी आजची संध्याकाळ मोडू नका.

पायऱ्या चढून मृगस्थळीच्या झाडीतून पलीकडे उतरलात की गुह्येश्वरी. सतीच्या शक्तिपीठांपैकी हे एक. नेवार वज्रयानी बौद्धही या देवीला मानतात. इथून नदी ओलांडून उत्तरेला अर्ध्या तासात पायी बौद्धनाथ गाठता येतं, वाट विचारताना ‘दाइ’ (दादा) किंवा ‘दिदी’ (ताई) म्हणा, हिंदी सगळ्यांना समजतं.

बौद्धनाथचा स्तूप ३६ मीटरच्या आसपास उंच आहे. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांनी त्याच्या भोवती मठ आणि दुकानं उभारली. दुपार एखाद्या गच्चीवर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, खात काढा, पौभा आणि थांका ही कापडावरची धार्मिक चित्रं काढणाऱ्या कार्यशाळेत डोकवा. मोमो मागवताना ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस हे लक्षात ठेवा. शाकाहारींनी आधी विचारावं. ऊन उतरलं की गावातली माणसं कोऱ्याला, म्हणजे स्तूपाच्या प्रदक्षिणेला निघतात. म्हातारे, शाळकरी मुलं, लामा, नोकरीवरून परतणारे, सगळे एकाच दिशेने. त्यांच्यात शिरा आणि निदान तीन फेऱ्या घाला.

चौथा दिवस: भक्तपूर, आणि शेवटची सकाळ

भक्तपूर पूर्वेला १३ किलोमीटरवर. बस स्वस्त, टॅक्सीचं भाडं आधी ठरवा किंवा पठाओसारखं अॅप वापरा. भूपतींद्र मल्लाचं १७०२ चं न्यातपोल पाच छपरांचं आहे आणि २०१५ च्या हादऱ्यातही उभं राहिलं. पायऱ्यांवर खालून वर जयमल-पत्ता हे पहिलवान, हत्ती, सिंह, शार्दूल आणि बाघिनी-सिंघिनी. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दसपट बलवान.

बहुतेक सहली इथूनच मागे फिरतात. तुम्ही पूर्वेला ताचुपाल टोलपर्यंत चला, कारण तिथे यक्ष मल्लाच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं दत्तात्रेयाचं देऊळ आहे. गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर करणाऱ्या घरातल्या माणसाला हिमालयात लाकडी, तीन मजली दत्तमंदिर समोर दिसतं तेव्हा काय वाटतं ते तिथेच कळेल. शेजारी पूजारी मठाची मयूर खिडकी. मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे घट्ट गोड दही, खाल्ल्याशिवाय निघू नका. वेळ उरला तर टॅक्सीने चांगुनारायण गाठा. राजा मानदेवाचा इसवी सन ४६४ चा शिलालेख तिथल्या खांबावर आहे.

परतीच्या दिवशी विमान दुपारनंतरचं असेल तर सकाळी बुढानीलकंठ. शहराच्या उत्तरेला, साधारण पाच मीटर लांबीचा, एकाच काळ्या दगडातला विष्णू शेषावर पाण्यात पहुडलेला आहे. मूर्ती लिच्छवी काळातली, सातव्या शतकातली. आपण कार्तिकी एकादशीला पंढरपुरी असतो त्याच दिवशी, हरिबोधिनीला, देव जागा होतो म्हणून इथे खोऱ्यातलं माणूस लोटतं. त्या दिवशी जायचं तर पहाटेच निघा. एरवी आठच्या आत दर्शन करून निघालात तर रिंग रोडच्या कोंडीतूनही विमानतळावर वेळेत पोचता.